सालामांकाला निघालीस? सणांच्या आधी जेवणाच्या वेळा पाठ कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: स्पॅनिशची बी-१ (मधली पातळी) झाली आहे, सप्टेंबरपासून स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात एक सत्र, पुढे जमलंच तर मेक्सिकोत इंटर्नशिप. शाकाहारी आहेस. आणि 'स्पॅनिश भाषिकांचे महत्त्वाचे सण व चालीरीती' यांची यादी हवी आहे. (वयाने बरीच लहान असशील असं धरून तू म्हणतेय.)

यादी देत नाही. बुन्योलची टोमॅटोंची फेकाफेक ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असते, पाम्प्लोनात बैलांपुढे धावणं जुलैत. तू पोचेपर्यंत दोन्ही उरकलेलं असेल. आणि सणांचं काही अडत नाही, लोक आपणहून ओढून नेतात. अडतं ते रोजच्या साध्या गोष्टींत, ज्या कुणी सांगत नाही कारण तिथल्या माणसाला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन-चार, रात्रीचं नऊच्या पुढे. संध्याकाळी सातला भूक लागली म्हणून रेस्तराँत गेलीस तर स्वयंपाकघर बंद. बार उघडा असेल, तिथे जे काउंटरवर दिसेल ते. यात आळस-बिळस काही नाही. १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं तासभर पुढे करून मध्य युरोपाच्या वेळेला लावली आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. सालामांका तर पोर्तुगालच्या सीमेकडे, अगदी पश्चिमेला. उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा तिथे सूर्य डोक्यावर येतो तोच दुपारी दोन वाजून गेल्यावर. म्हणजे दोनचं जेवण सूर्याच्या हिशेबाने अगदी वेळेवर आहे. सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये गेलीस की घड्याळ एक तास मागे. कानारी बेटांवरही तेच, म्हणून स्पेनच्या रेडिओवर वेळ सांगताना 'कानारीत एक तास कमी' हे शेपूट असतंच.

याचा भाषेशीही संबंध आहे. 'बुएनास तार्देस', म्हणजे शुभ दुपार, बाराच्या ठोक्याला सुरू होतं असं पुस्तकात असेल. मेक्सिकोत ते साधारण तसंच चालतं. स्पेनमध्ये मात्र जेवण झाल्यावर दुपार सुरू होते; दीड वाजता दुकानात शिरलीस तरी समोरून 'बुएनोस दियास', म्हणजे शुभ सकाळ, येऊ शकतं. लहान दुकानं दोन ते पाच बंद असतात. या वेळात सगळा देश झोपतो ही मात्र पर्यटकांची समजूत. बरेच लोक घरी जाऊन जेवतात, मुलांचं बघतात आणि परत कामावर जातात.

दुपारी बाहेर जेवायचं तर 'मेनू देल दिया', म्हणजे आजचं ठरलेलं जेवण, माग. आठवड्याच्या कामाच्या दिवशी जवळपास प्रत्येक साध्या रेस्तराँत मिळतो: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. दुसऱ्या पदार्थांत तुझ्यासाठी बहुधा काही नसतं. 'दोन्ही पहिल्यांतलेच द्या' असं सरळ सांग, कुणी वाईट वाटून घेत नाही. पण 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'कार्ने' (मांस) म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे मांसाचा तुकडाच येतो. हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, त्यात मोजलंच जात नाही. एन्सालादा मिस्तात, म्हणजे मिश्र सॅलडमध्ये, टूना मासा असतो. फरसबी हामोनबरोबर परतलेली असते. मसुरात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, शिजलेला असतो, तो बाजूला काढून दिला तरी चव रश्शात उतरलेलीच असते. सालामांकाचे 'पाटाटास मेनेआस', बटाटा कुस्करून वर पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीपूड, दिसायला थेट आपला पदार्थ. पण त्यात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. म्हणून यादीच म्हणत जा: मांस नाही, मासे नाहीत, हामोन नाही, मांसाचं सूप नाही. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, हा तुझा आधार, फक्त कांद्याची की बिनकांद्याची यावर तिथे घराघरांत वाद आहेत, त्यात पडू नकोस. (मेक्सिकोतली तोर्तिया वेगळी, ती मक्याची पोळी.)

जेवण संपलं तरी बिल येणार नाही. तू मागेपर्यंत ते आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठवणं. लोक कॉफीवर तास-तास बसतात आणि खरं स्पॅनिश शिकायला मिळतं ते तिथे. सगळे एकदम बोलतात, एकमेकांची वाक्यं तोडतात. आपली पाळी यायची वाट बघत बसलीस तर ती येत नाही, आणि गप्प माणूस कंटाळलाय असा अर्थ काढला जातो. मध्ये बोल.

आता रांग. सालामांकात प्लासा मायोर या मुख्य चौकाला लागूनच मंडई आहे, तिथल्या मासळीच्या नाही तर चीजच्या गाळ्यावर सकाळी जाऊन बघ. आठ-दहा बायका इतस्ततः उभ्या, कुणी भिंतीला टेकून, कुणी समोरच्या गाळ्यावर टोमॅटो दाबून बघत. रांग अशी दिसतच नाही. पण येणारी प्रत्येक बाई विचारते, 'किएन एस एल उल्तिमो?', शेवटचं कोण? कुणीतरी हात हलवते किंवा 'मी' म्हणते. झालं, तुझा नंबर तिच्यामागे. आता तू कुठेही उभी राहा, फक्त ती बाई लक्षात ठेव, आणि पुढचा माणूस आला की 'मी' म्हणायची पाळी तुझी. दवाखान्यात, पोस्टात, जिथे नंबराचं यंत्र नाही तिथे हेच. न विचारता काउंटरशी जाऊन उभी राहिलीस तर आजीबाई मोठ्या आवाजात समज देतात, आणि त्यांचं स्पॅनिश बी-१ च्या बाहेरचं असतं. क्यूबातही हीच पद्धत आहे. तिथे तर ती रोजच्या जगण्याचा भागच.

लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, छोट्या दुकानात शिरताना 'बुएनास' (नमस्कार), निघताना 'आस्ता लुएगो' (येते), अनोळखी माणसांनाही. हे चुकलं तर तू उद्धट ठरतेस. उलट बारमध्ये 'पोन्मे उन कोर्तादो', म्हणजे एक कोर्तादो (थोडं दूध घातलेली कॉफी) दे, असं आज्ञार्थी बोललेलं चालतं. शब्दाशब्दाला 'पोर फावोर' (कृपया) लावलंस तर फार औपचारिक वाटतं. हीच आज्ञार्थी भाषा कोलंबियातल्या बोगोताच्या कॅफेत वापरलीस तर मात्र माणसं दचकतील. तिथे कॉफीही 'मला भेट देता का?' अशा शब्दांत मागतात, पैसे अर्थातच द्यावे लागतात.

'तू' (स्पॅनिशमध्येही हाच शब्द) आणि 'उस्तेद' (म्हणजे तुम्ही) यांबद्दल तू वेगळं विचारलं आहेस. मराठी माणसाला वाटतं, हे तर आपल्याला येतंच, तू आणि तुम्ही. इथेच गडबड होते. स्पेनमध्ये 'तू'ची व्याप्ती फार मोठी आहे. प्राध्यापकांना वर्गात पहिल्या नावाने आणि 'तू' म्हणतात. 'सर' असं काही नाही. ईमेलमध्ये पहिल्यांदा 'उस्तेद' लिही, उत्तर 'तू'ने आलं की बदल. म्हाताऱ्या घरमालकिणीला, पोलिसाला, सरकारी खिडकीवर 'उस्तेद'. घरमालकीण दुसऱ्या दिवशी स्वतःच 'मला तू म्हण' म्हणेल, तेव्हा आढेवेढे घेऊ नकोस. मेक्सिकोत मोठ्यांना 'उस्तेद' जास्त, आणि ऑफिसात शिक्षणाची पदवी हीच हाक: 'इन्हेनिएरो' (इंजिनिअर), 'लिसेन्सियादा' (पदवीधर बाई). बोगोतात नवराबायको, जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना ऐकू येतील, त्यात दुरावा नसतो. अर्जेंटिनात 'तू' जवळपास नाहीच, तिथे 'वोस', आणि त्याची क्रियापदंही वेगळी. आपण आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो' म्हणतो तेव्हा आईचा मान कमी करत नसतो, तसंच हे: नियम आदराचा कमी, घराच्या आणि गावाच्या सवयीचा जास्त.

भेटल्यावर स्पेनमध्ये गालाला गाल लावून दोन मुके, आवाज हवेत. बायकांमध्ये, आणि बाई-पुरुषांमध्ये. पुरुष आपसांत हात मिळवतात किंवा मिठी मारतात. मेक्सिकोत एकच. अर्जेंटिनात पुरुष-पुरुषही. नको असेल तर हात लवकर आणि ठामपणे पुढे कर. चालतं.

नावाचा घोळ जरा नीट सांगते, कारण तो कागदावर होतो. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं: एक वडिलांचं पहिलं, एक आईचं पहिलं. लग्नानंतर बायका बदलत नाहीत. गाब्रिएल गार्सिया मार्केसमध्ये गार्सिया वडिलांकडचं, मार्केस आईकडचं. त्यामुळे ग्रंथालयात तो 'ग'मध्ये सापडतो, आणि मराठीत आपण नुसतं 'मार्केझ' म्हणतो ते तिथल्या कानाला अर्धवट लागतं. पाब्लो रुइस पिकासोने मात्र आईचंच पुढे आणलं. स्पेनमध्ये १९९९ पासून आईचं आडनाव आधी लावता येतं, आणि २०१७ पासून वडिलांचं आपोआप पहिलं धरलं जात नाही, क्रम आईवडिलांनी ठरवायचा. आता आपलं नाव बघ: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. तिथला कारकून मधलं नाव पहिलं आडनाव समजतो आणि दवाखान्यात तुझ्या वडिलांच्या नावाने पुकारा होतो. प्रत्येक अर्जावर पासपोर्टातल्याप्रमाणेच लिही, आडनाव पहिल्या रकान्यात, दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा. सगळीकडे एकसारखंच ठेव, नाहीतर बँकेत तू एक बाई आणि विद्यापीठात दुसरी.

मैत्रीबद्दल एकच: 'आ वेर सी केदामोस', भेटू या कधीतरी, हे आमंत्रण नाही. वार आणि तास ठरला की आमंत्रण. जागा बहुतेक वेळा प्लासा मायोरच्या घड्याळाखाली, सगळं सालामांका तिथेच भेटतं. घरी लवकर बोलावत नाहीत, त्यात काही समजायचं नाही. वाढदिवस तुझा असेल तर पैसे तू द्यायचे, वर जितकी वर्षं तितक्यांदा कान ओढून घ्यायचे.

डिसेंबरच्या मध्यात विद्यार्थी त्याच चौकात नववर्ष आधीच साजरं करून टाकतात, कारण ३१ ला सगळे आपापल्या घरी. खऱ्या ३१ ला बारा टोल्यांना बारा द्राक्षं. आधी पाव तासांचे चार टोल पडतात तेव्हा सुरुवात करू नकोस, नवखे हमखास तिथे फसतात. ६ जानेवारीला राजांचा दिवस (बाळ येशूला भेटी आणणारे तीन राजे), मुलांना भेटी त्याच दिवशी, आणि रोस्कोन नावाचा कड्यासारखा गोड पाव. त्यात लपवलेला वालाचा दाणा ज्याच्या वाट्याला येतो त्याने पावाचे पैसे द्यायचे.

मेक्सिकोला गेलीस तर तीन गोष्टी. नीट ऐकू आलं नाही तर 'के?' (काय?) म्हणू नकोस, त्याऐवजी नम्र 'मान्दे?' म्हण. रेस्तराँत अनोळखी लोकांच्या टेबलाजवळून जाताना 'प्रोवेचो', म्हणजे सावकाश जेवा, म्हणायचं. टीप स्पेनमध्ये सुटे पैसे ठेवले तरी पुरे, मेक्सिकोत दहा ते पंधरा टक्के धरूनच चालतात. २ नोव्हेंबरला तिथे असशील तर पूर्वजांच्या वेदीवर झेंडूच झेंडू दिसेल. तो मूळचा तिथलाच, आपल्याकडे नंतर आला. आणि जानेवारीत ऑफिसात रोस्का (रोस्कोनचाच मेक्सिकन भाऊ) कापला आणि तुझ्या तुकड्यात बाळाची बाहुली निघाली, तर २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस, म्हणजे सारण भरून वाफवलेलं मक्याचं पीठ, तुझ्याकडून. स्वतःसाठी मिरची-चीजचे मागवशील, तेव्हा पीठ डुकराच्या चरबीत मळलंय का ते आधी विचार, बहुधा मळलेलं असतं.