शेवटच्या गाडीच्या डिझेलचं गणित : वाचक विचारतात

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं रेसिंगच्या खर्चावरच आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : दादा, माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. पोरगा शिकायला अमेरिकेत इंडियानात आहे, सुट्टीदिवशी तिथल्या एका स्प्रिंट कारच्या, म्हणजे छोट्या लंबगोल ट्रॅकवर पळणाऱ्या उघड्या चाकांच्या रेसगाडीच्या, टीमला मदतीला जातो. त्यांची रेस मातीवर नाही, डांबरी ट्रॅकवर असते. तो सांगतो की गाड्या कमी कमी होत चालल्यात, मागच्या वेळी बाराच आल्या, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो परवडत नाही. मला कळत नाही, एवढ्याशा गाडीला खर्च जातो कुठं? आणि कमी करायचा तर कसा?
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : काका, गाडी एवढीशी दिसते पण आत काय बसवलंय ते बघा. मोठ्या क्लासची स्प्रिंट कार म्हणजे ४१० क्युबिक इंचाचं, आपल्या हिशोबात ६.७ लिटरचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन, मिथेनॉलवर चालणारं, ताकद ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि ड्रायव्हर धरून सगळं वजन साधारण ६४० किलो. म्हणजे आपल्या मारुती ८०० एवढ्या वजनाला ट्रकच्या दुप्पट-तिप्पट ताकद. असलं इंजिन थोड्या रेसेस झाल्या की उघडावंच लागतं, व्हॉल्व्ह स्प्रिंगपासून बेअरिंगपर्यंत सगळं बघावं लागतं, आणि हे काम कितीला जातं हे तुम्हाला लेथवाल्याला मी काय सांगू.

पण डांबराचं दुखणं इंजिनाच्या पुढं आहे. आपल्याकडं मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती जशी, तसंच हे. पैलवान तोच, पण खासबागच्या मातीत वाढलेला गडी मॅटवर आला की त्याला पवित्रा बदलावा लागतो, बूट घालावे लागतात, सगळा सराव नव्यानं. स्प्रिंट कार मुळात मातीवरची, अमेरिकेत बहुतेक रेसेस अजून मातीवरच होतात. मातीवर गाडी आडवी घसरत जाते, रेस चालू असताना ट्रॅक सारखा बदलत राहतो, त्यामुळं कमी पैशातला पण हाताचा चांगला ड्रायव्हर पुढं येऊ शकतो. डांबरावर पकड पक्की असते, ट्रॅक फारसा बदलत नाही, मग फरक पडतो तो शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग, वजन कुठं ठेवलं आणि टायर किती नवा यावर. कायम डावीकडंच वळायचं असतं म्हणून इंजिन आणि वजन डावीकडं सरकवलेली, खाली बसलेली चासी (गाडीचा सांगाडा) लागते. मातीची गाडी आणून तिथं पुढच्या रांगेत येणं जवळपास अशक्य, म्हणजे दुसरी गाडीच बांधायची. आणि ती गाडी चालवायला ट्रॅक किती, तर मोजके. वर्षात थोड्याच रेसेस मिळणार असतील तर माणूस म्हणतो, एवढा पैसा अडकवून करू काय? पूर्वी बऱ्याचदा एकाच चॅम्पियनशिपमध्ये माती आणि डांबर दोन्ही असायचं, १९९५ साली टोनी स्टुअर्ट या अमेरिकन ड्रायव्हरनं यूसॅक या तिथल्या रेसिंग संस्थेच्या मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राऊन या वेगवेगळ्या गाड्यांच्या तिन्ही चॅम्पियनशिप एकाच वर्षात जिंकल्या त्या अशाच दोन्हीकडं पळून.

आता कमी कसा करायचा. माझं मत सरळ आहे, ‘खर्च कमी करा’ असं नुसतं म्हणून कुणी करत नाही, ज्याच्याकडं आहे तो ओतणारच, म्हणून पैसे ओतून वेग मिळेल अशा जागाच बंद कराव्या लागतात. पहिली जागा इंजिन. तिथं जनरल मोटर्सची ६०२ आणि ६०४ नावाची तयार इंजिनं मिळतात, सील केलेली, साधारण ३५० आणि ४०० हॉर्सपॉवरची, सील तुटलं की बाद, तीच सगळ्यांना लावा. ९०० च्या ठिकाणी ४०० म्हणजे बघणाऱ्याची मजा जाईल असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही, पाव मैलाच्या ट्रॅकवर स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला हॉर्सपॉवर दिसत नाही, त्याला दिसतं ते चाकाला चाक लावून चाललेल्या गाड्या किती आहेत ते.

दुसरी जागा टायर, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका कार्टिंगच्या (छोट्या बुटक्या रेसगाड्यांच्या) स्पर्धेत टायरवर बंधनच ठेवलं नव्हतं. एका पोराच्या टीमनं प्रत्येक हीटला (छोट्या फेरीला) नवा सेट चढवला. शेजारी एक वडील टूलबॉक्सवर बसून, वहीत मांडीवर हिशोब करत होते, त्यांच्या पोराचे टायर सकाळपासूनचे, कडेनं रबराच्या गुठळ्या धरलेल्या. पोरगं चांगलं चालवत होतं, पण दर लॅपला अर्धा सेकंद मागं पडत होतं. त्यांनी वही मिटली, कुणाशी काही बोलले नाहीत, आणि पुढच्या स्पर्धेला आलेच नाहीत. मी आयोजकांना म्हटलं होतं की बाबांनो टायरला खूण करा, दिवसभर एकच सेट, ऐकलं नाही. पुढच्या खेपेला निम्मी पोरं पण नव्हती. डांबरी स्प्रिंटचं अगदी हेच होतं. टायर एकाच कंपाऊंडचा (रबराच्या मिश्रणाचा), तोही कडक, जास्त दिवस टिकणारा, रात्रीला किती वापरायचे ते ठरलेलं आणि सकाळीच प्रत्येकावर खूण. एवढं केलं तरी छोट्या टीमच्या जिवात जीव येतो.

तिसरं म्हणजे बक्षीस. समजा १६ गाड्या आहेत आणि बक्षिसाला १,२०,००० रुपये आहेत (रुपयात धरतो, समजायला सोपं). पहिल्याला ५० हजार, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला १५, उरलेले ३० हजार बाकीच्या तेरा जणांत, असं वाटलं तर पोस्टर भारी दिसतं. पण ज्याला पहिला नंबर मिळतो तो बहुतेक वेळा तसाही येणारच असतो. तेच पैसे पहिल्याला २०, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला ११ आणि उरलेल्या तेराही जणांना ५-५ हजार असे वाटा, वर १० हजार राहतात, ते मागून सगळ्यात जास्त गाड्या ओलांडून आलेल्याला द्या. सोळाव्या नंबरच्या माणसाचं, रेसगाडी वाहून आणणाऱ्या ट्रकचं डिझेल निघालं, जेवण निघालं, तो घरी जाताना बायकोला तोंड दाखवू शकतो आणि पुढच्या शनिवारी परत येतो. आपल्या जत्रेच्या मैदानात मोठ्या इनामाच्या कुस्तीआधी पोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या लावतात त्या काय उगाच नाही लावत, तीच पोरं पुढं जोड म्हणून उभी राहतात.

आणि एक, नियम सारखे हलवायचे नाहीत. प्रत्येक बदलाला कुणाची तरी गाडी भंगारात जाते. एकदा ठरवलं की निदान तीन वर्षं हात लावू नये, आणि आजूबाजूच्या ट्रॅकवाल्यांनी बसून एकच नियमपुस्तक करावं म्हणजे तीच गाडी चार ठिकाणी पळेल. डांबरी स्प्रिंट मेलेली नाही हे पण पोराला सांगा. त्याच्याच राज्यात अँडरसनला १९४९ पासून लिटल ५०० नावाची स्प्रिंट कारची रेस होते, पाव मैलाच्या ओव्हलवर ३३ गाड्या, तीन-तीनच्या अकरा रांगांत सुरुवात, ५०० लॅप आणि मध्ये पिट स्टॉप (टायर-इंधनासाठी थांबणं). त्या एका रात्रीसाठी गाड्या बाहेर निघतात, म्हणजे गाड्या आहेत, शेडमध्ये झाकून ठेवलेल्या आहेत. त्या उरलेल्या शनिवारी का निघत नाहीत हे मालकांना जाऊन विचारायला पाहिजे, आणि हे काम तुमचा पोरगा करू शकतो, बाहेरच्या माणसाला लोक खरं सांगतात.

प्रश्न : सर आम्ही इंजिनिअरिंगची मुलं, कॉलेजच्या टीमसाठी गाडी बनवतो. आमच्यात वाद झाला, की सगळ्यांना एकच इंजिन दिलं तर इंजिनिअरिंग कुठं उरलं? तुमचं मत काय?
– तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : भावा, बाहा, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची स्पर्धा, करता ना तुम्ही लोक? तिथं कितीतरी वर्षं सगळ्यांना तेच ३०५ सीसीचं, दहा हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन होतं, म्हणून इंजिनिअरिंग संपलं का? उलट सस्पेन्शन, वजन, गिअर रेशो यावर पोरांनी डोकी फोडली. आणि देशाचं उदाहरण घे, कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी उभी केली, त्यातूनच नारायण कार्तिकेयन वर आला आणि पुढं फॉर्म्युला वनला गेला. तिथला करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. नंतरच्या फॉर्म्युला एलजीबी नावाच्या रेसगाड्यांत पण मारुतीचं इंजिन वापरलं गेलं. ज्या इंजिनाचा पार्ट कुठल्याही गॅरेजला मिळतो तेच इंजिन खेळ वाढवतं असं मला मनापासून वाटतं.

वर्ग मात्र वेगळे ठेवा. आपल्या बैलगाडी शर्यतीत आदत वेगळा, दुसा वेगळा, ओपन वेगळं, दात बघून ठरतं, आदत खोंडाला कुणी ओपनच्या बैलासमोर जुंपत नाही. स्प्रिंट कारमध्ये पण इंजिनाच्या ३०५, ३६०, ४१० क्युबिक इंच अशा पायऱ्या आहेत. फक्त पायऱ्या जास्त झाल्या की प्रत्येकीवर चार-चारच गाड्या उरतात, तिथं आयोजकांनी मन घट्ट करून एखादा वर्ग बंद करावा.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, कार्टिंग शिकायचं म्हणते. घरचे म्हणतात मोहित्यांचा ट्रॅक कोल्हापुरात आहे म्हणून काय झालं, हा श्रीमंतांचा खेळ. सुरुवात करू का?
– एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, करा. पण कार्ट विकत घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी नाही. भाड्याच्या कार्टवर चालवू दे, तिथं सगळ्यांना सारखंच मशीन असतं, पोरीचा हात खरा किती आहे ते तिथंच कळतं. आठवड्याला एकदा, आणि प्रत्येक वेळी लॅप टाइम वहीत तिलाच लिहू दे. टाइम कमी होत गेला आणि तिची ओढ पण टिकली तर मग दोन-तीन घरांनी मिळून एक जुनं कार्ट घ्यायचं, स्पेअर आणि मेकॅनिकचा खर्च वाटून. आपल्याच गावचा कृष्णराज महाडिक इंग्लंडमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला, तेव्हा कोल्हापुरातून होत नाही असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. पैसा लागतो हे खरं आहे, ते मी लपवणार नाही, पण पहिल्या वर्षाला लोक सांगतात तेवढा लागत नाही.

प्रश्न : खर्च वाचवायला सेकंडहँड हेल्मेट घेतलं तर चालेल का? ओळखीतला एक जण निम्म्या किमतीत देतोय, वरून एकदम नवं दिसतं.
– वाचक, कागल

उत्तर : नाही. वरून दिसतं त्याला अर्थ नाही. आतला फोमचा थर एकदाच दबतो, एका आपटण्यात त्याचं काम झालं की तो परत फुगत नाही, आणि हे बाहेरून कळत नाही. कार रेसिंगचं हेल्मेट आगीला टिकणाऱ्या अस्तराचं असतं, मोटरसायकलचं तिथं चालत नाही. मिथेनॉलवरच्या गाड्यांच्या तर ज्वाळा दिवसा जवळपास दिसतच नाहीत, पेट घेतला हे उशिरा कळतं, म्हणून सूट, हातमोजे, बेल्ट, मानेचं डिव्हाइस यातलं काहीच जुनं किंवा ओळखीतलं घेऊ नका, बेल्टवर तारीख असते ती बघून घ्या. वर मी इंजिन सील करा, टायर कमी करा म्हटलं ते याच सामानाला पैसे उरावेत म्हणून. तुमचं बजेट बसत नसेल तर दोन रेस सोडा, जुनेच टायर वापरून मागच्या नंबरला या, पण हेल्मेट दुकानातून, तुमच्या डोक्याचं माप देऊन, नवंच घ्या.