परड्यातली बिळं: ग्राउंड स्क्विरल नव्हे, घूस

तुमचा प्रश्न असा: बेळगावातल्या अनगोळच्या घरामागच्या परड्यात बिळं पडलीत, रताळ्याचे वेल उपटलेत, बिळांची तोंडं सकाळी मातीनं बुजलेली दिसतात. अमेरिकेतला व्हिडिओ बघून हे ग्राउंड स्क्विरल, म्हणजे जमिनीत बीळ करणारी खार, असावं असं तुम्हाला वाटतंय, आणि त्यात दाखवल्यासारख्या गॅसच्या गोळ्या बिळात टाकू का, असं विचारलंय.

गोळ्या टाकू नका. का ते सांगतो, पण आधी चोर कोण ते बघू.

व्हिडिओतला प्राणी कॅलिफोर्नियाकडचा. तो दिवसाढवळ्या हिंडतो, एकाच ठिकाणी गोतावळा करून राहतो, थंडीत बिळात झोपून राहतो आणि वर्षातून एकदाच वितो. त्यामुळे तिकडे वेळ साधून एकदा जोर लावला की बराच काळ उसंत मिळते. तो आपल्याकडे नाहीच. आपली पट्ट्यांची खार झाडावर नाहीतर कौलाखाली काथ्यागवताचं घरटं करते. चिक्कू, डाळिंब कुरतडेल, पण जमीन पोखरायला जाणार नाही. येळ्ळूर-धामण्याच्या भातवाडीत बांधाला जी बिळं दिसतात त्यातली कित्येक खेकड्यांची असतात. त्यांच्या तोंडाशी चिखलाच्या ओल्या गोळ्या पडलेल्या असतात.

तुमच्याकडे भुसभुशीत मातीचा ढीग आणि आतून बुजवलेलं तोंड आहे. ही घूस. गटारातली मांजराएवढी नव्हे, शेतातली लहान जातीची. रात्रीची बाहेर पडते, आत शिरली की मागं माती लोटून दार बंद करते. खायला मिळालं की वर्षभर वीत राहते: गाभणकाळ जेमतेम तीन आठवडे, आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं. साठवणही करते. सुगी उरकली की आमच्याकडची म्हातारी माणसं बांधावरची बिळं खणायची आणि आतल्या भाताच्या लोंब्या सुपात भरून आणायची.

यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. एका बिळाला चार-पाच तोंडं असतात, पण आत बहुतेक वेळा एकच मोठी घूस असते, पिल्लं असली तर ती वेगळी. म्हणजे परड्यात दहा भोकं दिसली म्हणून दहा घुशी नसतात. संध्याकाळी सगळी तोंडं पायानं दाबून बुजवा. सकाळी ज्यांच्यावर ताजी माती आली तेवढीच चालू. बाकीच्यांवर पैसा आणि वेळ घालवू नका.

आता गोळ्यांचं. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. जमिनीतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, आणि तो घूस कुठली, माणूस कुठला हे बघत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळची जुनी घरं दगडमातीच्या पायाची, आणि घुशीचं बीळ कितीदा त्या पायाखालीच गेलेलं असतं. रात्री वायू फरशीच्या फटीतून वर आला तर झोपलेल्या माणसाला कळायचंही नाही. यावर उतारा नाही. म्हणूनच त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर सरकारी निर्बंध आहेत. कुणी दुकानदार ‘ओळखीनं देतो’ म्हणाला तरी घेऊ नका.

परड्याएवढ्या जागेला पिंजराच बरा. लोखंडी, मोठ्या तोंडाचा घ्या. घरातल्या उंदरांच्या लहान पिंजऱ्यात घूस मावत नाही. नवी वस्तू दिसली की घूस बिचकते, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार तारेनं उघडंच बांधून ठेवा आणि आत नुसतं खायला घाला. सुकं खोबरं, तेलात परतलेली भाकरी, सुकट यातलं काहीही चालतं. आमच्याकडे सुकटीला तोड नाही, फक्त शेजारचं मांजर आधी येतं. खाणं रोज संपायला लागलं की मग दार लावा. पिंजरा चालू तोंडाजवळ, भिंतीच्या कडेनं ठेवा, आणि उजाडलं की बंद करा, नाहीतर दिवसा खार अडकते. बिळात हात घालू नका. रिकामं बीळ नाग-घोणसांना आयतं घर असतं. घुशीच्या मुतानं लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तेव्हा हातमोजेही घाला.

विषाचा विचार शेवटी करा. झिंक फॉस्फाइडचं आमिष शेतात चालतं, पण घराजवळ पोरंबाळं, कोंबड्या, कुत्री असतात आणि त्यावरही उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनची तयार वडी त्यातल्या त्यात परवडते. तिच्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण घूस मरायला काही दिवस लागतात, आणि विष खाल्लेली घूस घुबडानं किंवा मांजरानं खाल्ली तर त्यांच्याही पोटात ते जातं. वडी बिळाच्या आत ढकला, उघड्यावर टाकू नका, मेलेली घूस खोल पुरा. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात प्रमाण विचारूनच वापरा.

गव्हाणी घुबड जवळपास असेल तर हाकलू नका. धामण दिसली तर काठी उचलू नका. ती बिनविषारी आहे, बिळात शिरून घूस धरते, आणि तिला मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आवाज काढून उंदीर पळवणारी विजेची यंत्रं मिळतात, त्यांच्यावर पैसे घालू नका असं माझं मत. मिरचीचा धूर दिला तर घूस दोन दिवस शेजाऱ्याकडे पाहुणी जाते, एवढंच.

शेजाऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय मात्र हे टिकत नाही. भात कापून झालं, ऊसतोड सुरू झाली की रानातल्या घुशी वस्तीकडे सरकतात, आणि तुम्ही मोकळं केलेलं बीळ आठवड्यात दुसरी धरते. चार-पाच घरांनी मिळून एकाच वेळी पिंजरे लावा. त्याहून बरं म्हणजे वळिवाच्या पावसाआधी, रानात खायला कमी असतं तेव्हा. जळणाचा ढीग, नारळाच्या झावळ्या, करवंट्या भिंतीपासून हलवा. पुढच्या हंगामात वाफा करताना तळाशी अर्ध्या इंची वेल्डमेशची (जाड तारेची) जाळी अंथरून वर फूटभर माती टाका. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी घूस कुरतडते.

रताळी तयार झाली असतील तर या आठवड्यातच काढून घ्या. जमिनीत राहिली तर पिंजऱ्यातल्या खोबऱ्याकडे घूस कशाला बघेल?