दुकान कुणाचं, नाव कुणाचं

प्रश्न : काकांच्या कपाटात पेट शॉप बॉईज ह्या ब्रिटिश पॉप जोडीची जुनी कॅसेट घावली. माझा मित्र म्हणतोय, ह्यांचं आधी कुत्र्या-मांजरांचं दुकान होतं बे! खरंय का? आणि अजून गातात का? (एक वाचक, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : दुकान होतं, पण ह्यांचं नाही हो. लंडनच्या ईलिंग भागात त्यांचे मित्र अशा दुकानात कामाला होते, त्यावरनं नाव उचललं. गंमत म्हणजे जोडीतल्या नील टेनंट आणि क्रिस लो यांची १९८१ मध्ये ओळख झाली तीपण दुकानातच, किंग्ज रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या. नील पुढं 'स्मॅश हिट्स' ह्या पॉप गाण्यांच्या पाक्षिकात होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला (हे सांगताना उगाच कॉलर ताठ होते बघा), आणि क्रिस आर्किटेक्चर शिकत होता.

'वेस्ट एंड गर्ल्स' १९८४ ला पहिल्यांदा आलं तेव्हा ब्रिटनमध्ये कुणी फारसं विचारलं नाही, मग निर्माता स्टीफन हेगला घेऊन तेच गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं आणि १९८६ मध्ये ब्रिटन अमेरिका दोन्हीकडं नंबर वन! पडलेलं गाणं परत करायला डेरिंग लागतं राव. १९८८ पर्यंत ब्रिटनमध्ये आणखी तीन नंबर वन झाली.

स्टेजवर क्रिस टोपी-गॉगल घालून कीबोर्डमागं ढिम्म उभा, मला तर तेच आवडतं. आणि हो, अजून गातात, २०२४ ला नवा अल्बम आलाय. कॅसेट मात्र जपा, पेन्सिल घालून रीळ नीट गुंडाळून ठेवा.