निवृत्त आई-बाबांना स्वस्तात कुठे फिरवता येईल, सवलती नेमक्या कोणत्या मिळतात आणि बाबांची राजकारणावरची चिडचिड कशी आवरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा 62 वर्षांचे, नुकतेच निवृत्त. आई 59. दोघं पुण्यात. बाबा दिवसभर बातम्या लावून सरकारच्या नावाने बोटं मोडतात. दोघांना जवळपास फिरायला पाठवायचंय, खर्च बेताचा हवा, सवलतींचं काही कळत नाही.

आधी वयाचा हिशोब, कारण घोळ तिथेच होतो. 'ज्येष्ठ नागरिक' म्हणजे किती वर्षांचा माणूस, हे प्रत्येक खातं आपापलं ठरवतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 60, रेल्वेत पुरुषांना 60, एसटीत 65. म्हणजे तुमच्या बाबांना एसटीत आज काहीही सवलत नाही, आणखी तीन वर्षं पूर्ण तिकीट. आईला मात्र अर्धं तिकीट, तेही वयामुळे नाही तर महिला म्हणून. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना ते आहे. 65 ते 75 ला अर्धं तिकीट. 75 पूर्ण झाल्यावर मोफत, ही अमृत योजना ऑगस्ट 2022 पासूनची. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात. पणजीच्या गाडीत हद्दीपुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे पडतात, तिथे कंडक्टरशी हुज्जत घालू नये, तो बरोबर असतो. आणि एसटी म्हणजे पीएमपी, म्हणजे पुण्याची शहर बस, नव्हे. पीएमपीत एसटीची सवलत चालत नाही, तिथे ज्येष्ठांचा वेगळा पास काढावा लागतो.

घरात 75 च्या पुढचे आजी-आजोबा असतील तर एक गोष्ट सांगून ठेवा. मोफत प्रवासालाही तिकीट घ्यावंच लागतं. कंडक्टर ओळखपत्र बघून मशीनमधून शून्य रुपयांची चिठ्ठी काढून देतो, ती उतरेपर्यंत जपायची. 'मला फुकट आहे' म्हणून नुसतं बसून राहिलात आणि तपासणीवाले चढले, तर तुम्ही विनातिकीट. दुसरी अडचण आधार कार्डाची. अनेक ज्येष्ठांच्या आधारवर फक्त जन्मसाल असतं, पूर्ण तारीख नसते, आणि सवलतीचं वय नुकतंच भरलेल्या माणसाची त्यावरून वादावादी होते. पॅन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, ज्यावर पूर्ण तारीख आहे ते, सोबत ठेवा. आधारवर तारीख दुरुस्त करता येते, पण साधारणपणे एकदाच, त्यामुळे कागद नीट बघूनच अर्ज करा.

बाबांसाठी एसटीत एक पर्याय उरतो: 'आवडेल तेथे प्रवास' पास, चार किंवा सात दिवसांचा. रोज गाडी बदलून लांब फिरणार असाल तरच तो परवडतो. एका गावी जाऊन तीन दिवस राहणाऱ्याने तो घेऊ नये.

आता रेल्वे. पुरुषांना 60 नंतर 40 टक्के आणि महिलांना 58 नंतर 50 टक्के सूट होती. ती 20 मार्च 2020 ला कोविडच्या कारणाने थांबवली आणि अजून परत आलेली नाही. दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'एक तारखेपासून पुन्हा सुरू' असा निरोप फिरतो. तो खरा की खोटा हे बघायला बातम्या लावायची गरज नाही. आयआरसीटीसीवर बाबांचं वय घालून भाडं बघा, सूट असती तर तिथेच दिसली असती.

पैशात सूट नाही, पण खालच्या बर्थचा कोटा शाबूत आहे, आणि तो वापरताना सर्रास एक चूक होते. या कोट्यासाठी पुरुष 60 च्या पुढे, महिला 45 च्या पुढे. स्लीपरच्या डब्यात सहा-सात, थ्री एसीत चार-पाच, टू एसीत तीन-चार बर्थ यासाठी राखीव असतात. अट अशी की तिकिटावर एकटा किंवा फार तर दोघंच असावेत आणि दोघंही या वयात बसणारे हवेत. तुमचे आई-बाबा दोघंच एका तिकिटावर असतील तर चोख बसतात. तुम्ही प्रेमाने स्वतःचं नाव त्याच तिकिटावर घातलंत की कोटा गेला, आणि बाबा वरच्या बर्थच्या शिडीवर. तेव्हा त्यांचं तिकीट वेगळं, तुमचं वेगळं. बुकिंग करताना कोट्याच्या यादीत 'जनरल' ऐवजी 'लोअर बर्थ/सीनियर सिटिझन' निवडायचं. तिथे जागा नसेल तर जनरलमध्ये 'किमान एक लोअर बर्थ मिळाली तरच बुक करा' हा पर्याय आहे, त्यावर टिक करा. तरीही दोघांपैकी एकाला वरची मिळाली तर गाडीत टीसीला लगेच सांगा, रिकामी राहिलेली खालची बर्थ तो ज्येष्ठांना देऊ शकतो. आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीनंतर कोकणात जायचं तर तो 60 वा दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणेने मांडा.

ठिकाणांकडे येऊ. 'काय बघायचं' यापेक्षा 'पायऱ्या किती आणि वार कोणता' हे आधी बघा. बुधवार-गुरुवार साधारण उत्तम. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद. हे माहीत नसल्यामुळे संभाजीनगरला जाऊन अर्धी सहल हात हलवत परत येते. अजिंठ्याला खाजगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने. दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात ज्येष्ठांना सूट नाही. देवस्थानांचं गणित उलटं: शिर्डीला गुरुवार टाळा, भीमाशंकर-त्र्यंबकेश्वरला श्रावणी सोमवार टाळा, आणि गणपतीला संकष्टी, त्यातही अंगारकी, टाळा.

पहिली सहल अर्ध्या दिवसाचीच ठेवा. थेऊरचा चिंतामणी पुण्यापासून 25 किलोमीटरच्या आसपास, चढ नाही, पीएमपी जाते. आगाखान पॅलेस तर शहरातच: सपाट आवार, भरपूर झाडं, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या. सकाळी लवकर गेलात तर दोन तास शांतपणे जातात.

पूर्ण दिवसासाठी माझी पहिली पसंती वाई. स्वारगेटवरून गाडी, उतरून रिक्षाने घाटावर, ढोल्या गणपती, मग तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या घाटावरच्या देवळाशी टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीजांकडून आलेली, 1739 च्या वसईच्या विजयातली. बाबांना इतिहासाची आवड असेल तर टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा ती घंटा बरी. चढ जवळजवळ नाहीच, फक्त घाटाच्या पायऱ्या, त्याही पाण्यापर्यंत उतरल्याच पाहिजेत असं नाही. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा वरूनच नमस्कार.

अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीच गुडघ्यांची परीक्षा घेतो, तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ओझर तिथून जवळ आणि सपाट, त्यामुळे एक जण ओझरला बसेल, दुसरा लेण्याद्री करेल, असंही आखता येतं. जुन्नर-नारायणगावच्या गाड्या वाकडेवाडीहून सुटतात, जुन्या शिवाजीनगर स्थानकावरून नाही. भीमाशंकर फसवं: देवळाकडे जाताना पायऱ्या उतरायच्या, म्हणून वाटतं सोपं आहे, दर्शन घेऊन दमल्यावर तेवढ्याच चढायच्या असतात. रायगडाला रोपवे आणि सप्तशृंगीला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. माथेरानला गाडी दस्तुरीपर्यंतच जाते, तिथून अमन लॉज स्टेशनवर जाऊन छोटी गाडी पकडायची.

पायऱ्यांची एक रीत घरी जिन्यावरच शिकवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणतात. उंची मोजायची तर बूट घालून ताठ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यायला हवी. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आधी तेच बदला, ओल्या फरशीवर घात तेच करतं. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, त्यामुळे 'चढलो म्हणजे झालं' हा हिशोब चुकीचा.

एसटीची पहिली पायरी उंच असते. फलाटाला लागून उभ्या असलेल्या गाडीतच चढा, दांडा एका हाताने धरा, पिशवी आधी आत द्या. मागच्या चाकांच्या मागची बाकं टाळा. तिथे प्रत्येक खड्डा कमरेत जातो.

स्वच्छतागृहाच्या भीतीने ज्येष्ठ, विशेषतः आया, पाणीच पीत नाहीत. मग चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, आणि खापर फुटतं प्रवासावर. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर दर तासाला अर्धा-पाऊण पेला, थोडं थोडं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा, परस्पर बंद करू नका. औषधं दोन ठिकाणी ठेवा: दोन दिवसांची खिशातल्या पाकिटात, बाकीची पिशवीत.

आता बाबांची चिडचिड. त्यांना गप्प बसवू नका, कारण पुष्कळ वेळा त्यांचं म्हणणं बरोबर असतं. रेल्वेच्या सवलतीचंच घ्या. सरकारचं 2024 मधलं उत्तर असं की प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के अनुदान मिळतंच, 100 रुपयांच्या प्रवासाला 54 रुपयेच घेतात. मला हे उत्तर लंगडं वाटतं, कारण 2020 पूर्वीही भाडं खर्चापेक्षा कमीच होतं आणि ज्येष्ठांची सूट त्याच्या वर होती. संसदेच्या स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री एसीत ती परत द्या असं सुचवलं होतं. ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपयांवर आहे. खासदारांची पेन्शन मार्च 2025 च्या अधिसूचनेने 25,000 वरून 31,000 झाली, तीही एप्रिल 2023 पासून मागे जाऊन. पुण्याच्या महापालिकेची मुदत 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचं राज्य होतं. चौकातलं मोडकं बाक कोणाला सांगायचं, हा त्या काळातला अगदी रास्त प्रश्न. आणि एसटीचं तिकीट 25 जानेवारी 2025 ला 14.95 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे अर्धं तिकीटही त्याच हिशोबाने वाढलं. मोफत प्रवासाचा गाजावाजा होतो, पण गावाची दुपारची फेरीच रद्द झाली तर शून्य रुपयांची चिठ्ठी कुठल्या गाडीत काढायची?

ही शेवटची तक्रार कागदावर आणण्यासारखी आहे. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एसटीच्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, ही अट आहे. बाबांचा पहिला अर्ज बहुधा याच अटीवर अडकेल, कारण त्यात चार पक्ष आणि तीन मुख्यमंत्री येतील. 'फेरी का रद्द केली, याला जबाबदार कोण?' असं लिहू नका. 'का' चं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही, नोंदीत असलेली माहिती द्यायला आहे. म्हणून असं लिहा: '1 जानेवारी ते 30 जून या काळात अमुक आगाराची दुपारी 2 ची अमुक फेरी ज्या ज्या दिवशी रद्द झाली, त्या तारखांची यादी व नोंदवलेले कारण यांच्या प्रती द्याव्यात.' प्रतीला पानामागे 2 रुपये. पोच शिक्क्यासह घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यावरही समाधान नसेल तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

तारखांची यादी हातात आली की आगार व्यवस्थापकाला भेटा. मोघम बोलणाऱ्याला चहा मिळतो, यादीवाल्याला खुर्ची मिळते. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. रेल्वे सवलतीसारखी धोरणाची बाब तिथे घेऊन गेलात तर परत पाठवतील. ती खासदारांकडे: पत्रात एकच विनंती, स्थायी समितीच्या शिफारशीवर सभागृहात प्रश्न विचाराल का, हो की नाही. रेल्वे प्रवासातल्या तक्रारीसाठी 139, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 हे दोन क्रमांक बाबांच्या फोनमध्ये मोठ्या अक्षरात टाकून द्या.

सहलीच्या दिवशी राजकारण परतीच्या गाडीत, असं दोघांत आधीच ठरवा. जाताना सुरू झालं की आई खिडकीकडे तोंड करून बसते आणि डबा उघडायला उशीर होतो.