वाचकांचे प्रश्न : एकदा फसल्यावरही दया करावी काय?

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका असून लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढले आहे. दोन महिन्यांपूर्वी एस. टी. स्थानकावर एका माणसाने पाकीट मारले गेल्याचे सांगून बीडच्या तिकिटासाठी पैसे मागितले. मी २०० रुपये दिले. पुढच्याच आठवड्यात तोच माणूस त्याच फलाटावर दुसऱ्या बाईंना तीच हकिगत सांगताना दिसला. तेव्हापासून मी कोणालाही काही द्यायचे नाही असे ठरवले. ‘ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये’ हे बायबलमधील प्रेषित पौलाचे वचन माझे यजमानही ऐकवतात. मात्र गेल्या महिन्यात शाळेतून परतताना एक वृद्ध गृहस्थ दुचाकीवरून पडलेले दिसले. भोवती माणसे होती. आमची रिक्षा क्षणभर थांबली, कोणीतरी ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणाले आणि रिक्षा पुढे गेली. मीही उतरले नाही. आता प्रार्थनेला बसले की रस्त्यावर पडलेली त्यांची एक चप्पल डोळ्यांपुढे येते. सावधपणे वागणे हे पाप आहे काय?
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : सावधपणा हे पाप नव्हे. परंतु स्थानकावर २०० रुपये गेले त्याचा हिशेब त्या वृद्ध गृहस्थांच्या नावावर मांडला गेला, ही गोष्ट आपल्याला टोचते आहे, आणि ती टोचते हे बरेच आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे समजण्यासारखे आहे. आपण मात्र ताक पिणेच सोडून दिले.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील, येशूने एका शास्त्र्याला सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ असेल: लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला, यहूदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोनी जमातीच्या एकाने वाचवले. तोंडपाठ झालेल्या वचनांची एक अडचण अशी की ती आपण वाचत नाही. या वेळी केवळ त्या शोमरोन्याने कोणत्या क्रमाने काय केले एवढेच पाहावे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या त्या ओसाड वाटेवर तो जखमी माणसाजवळ जातो, त्याला पाहून त्याला कळवळा येतो, तो जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत आणतो आणि रात्रभर त्याची काळजी घेतो. पैशाचा उल्लेख येतो तो दुसऱ्या दिवशी. ते दोन दीनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, तो जखमी माणसाच्या हातात न देता उतारशाळेच्या रखवालदाराला देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे सांगतो. म्हणजे तो भाबडा नाही. पैसा कोठे द्यावा हे त्याला कळते. आपली दया बहुधा उलट क्रमाने चालते: आपण आधी पाकीट उघडतो, आणि पैसे दिले की त्या माणसाकडे पाहण्याची जबाबदारी संपली असे मानतो. जवळ जाणे मात्र शेवटपर्यंत राहूनच जाते.

पोलिसांच्या भीतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ही भीती आता बरीचशी निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ समाविष्ट झाले. सद्भावनेने, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न धरता जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंमत अशी की ज्या जमातीचे नाव उच्चारणेही त्या काळच्या यहूद्यांना जड जात असे, तिचेच नाव जगभर अशा कायद्यांना (‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनी) मिळाले आहे. दाखल्याच्या शेवटी ‘शेजारी कोण ठरला?’ असे येशूने विचारल्यावर तो शास्त्रीसुद्धा ‘शोमरोनी’ म्हणत नाही. ‘त्याच्यावर दया करणारा तो’ असे म्हणून वेळ मारून नेतो. निर्जन ठिकाणी एकट्या स्त्रीने उतरावे असे मी म्हणणार नाही. अशा वेळी १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करणे हीदेखील मदतच आहे. आपल्या प्रसंगी मात्र दिवस होता, माणसे होती आणि रिक्षाही होती.

आता फसवणुकीविषयी. आपल्या यजमानांनी सांगितलेले वचन थेस्सलनीकाच्या मंडळीतील आळशी बांधवांना उद्देशून आहे; ते घरातल्या माणसांना सांगितलेले वचन आहे, दारात आलेल्या परक्याला ऐकवण्यासाठी नव्हे. परक्याविषयीचा नियम बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे: शेताच्या कडेचे पीक झाडून कापू नये, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, वेचू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावा. या नियमाचे मर्म असे की कापणीपूर्वीच शेताचा काही भाग मालकाच्या मनातून सुटलेला असतो. सरवा वेचायला येणारी खरोखर विधवा आहे काय, ती काल दुसऱ्या शेतात गेली होती काय, याची चौकशी करण्याचे काम शेतकऱ्यावर टाकलेले नाही. जुन्या करारातील बवाज या शेतमालकाने तर सरवा वेचायला आलेल्या रूथ या परक्या विधवेसाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसे गाळायला गड्यांना सांगितले. आपणही महिन्याच्या पगारातून एक ठरावीक रक्कम आधीच वेगळी काढून ठेवावी. त्यातले काही एखाद्या लबाडाच्या हाती गेले तर तो सरवा होता असे समजावे.

लेवीयच्या याच अध्यायात परक्यावर प्रीती करण्याचे कारणही इस्राएल लोकांना दिले आहे: तुम्ही मिसर (इजिप्त) देशात परके होता. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या, त्यामागे हीच आठवण होती; कोवळ्या वयात दुष्काळातच त्यांनी आपले आईवडील गमावले होते. आपणही आजवर कोणा अनोळखी माणसाच्या कृपेने कोठे कोठे पोहोचलो, हे एकदा आठवून पाहावे.

मीही फसलो आहे. मंडळीच्या आवारात एकजण औषधाची चिठ्ठी घेऊन आला. मी पैसे न देता त्याच्याबरोबर औषधाच्या दुकानाकडे निघालो आणि वाटेत लक्षात आले की ती चिठ्ठी लॅमिनेट केलेली आहे. मी हसलो, तोही ओशाळून हसला. औषध घेतले नाही. टपरीवर दोन वडापाव घेतले, तेही त्याने उभ्या उभ्या, कागदाला चिकटलेला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ले. चिठ्ठी खोटी होती, पण भूक खोटी नव्हती. पुढच्या वेळी आपणही त्या माणसाबरोबर बसपर्यंत जाऊन कंडक्टरकडून तिकीट काढून द्यावे. प्रवासी असेल तो बसमध्ये चढेल.

त्या वृद्ध गृहस्थांविषयी एवढेच सुचवतो. तो रस्ता आपल्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे. तेथे एखादी पानटपरी किंवा पंक्चरचे दुकान असेलच, आणि अशा ठिकाणच्या माणसांना कोण पडले, कोणी उचलले, कोठे नेले हे सारे ठाऊक असते. उद्या एक थांबा आधी उतरून विचारून पाहावे.