वैद्यावरच राग का?

प्रश्न : १८९६च्या प्लेगात मुंबईतले गिरणी कामगार थेट इस्पितळावर चालून गेले. पुढे प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन यांनाच सरकारनं कामावरून दूर केलं. जीव वाचवणाऱ्यावरच माणसं का उलटतात?

उत्तर : दोन्ही गोष्टी एका माळेत ओवू नका. पहिलीत लोक उलटले, दुसरीत सरकार.

२९ ऑक्टोबर १८९६ला सुमारे हजार कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर (आजचं कस्तुरबा) गेले. प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं; दाखल केलेले बरेचसे दगावत. चाळीतून बघणाऱ्याला दिसे ते एवढंच, की माणूस जिवंत नेला आणि प्रेत बाहेर आलं. आत माणसांची मोमियाई (माणसाच्या शरीरातून काढतात असं मानलं जाणारं औषधी तेल) काढतात, ही अफवा त्यातूनच उठली. तिला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण डॉक्टरच्या मागे शिपाई उभा असेल, तर रोगी डॉक्टरला शिपायातच धरणार.

हाफकिनचं प्रकरण जास्त बोलकं आहे. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले. हाफकिननं लशीत कार्बोलिक ॲसिड घालणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी समितीनं तेवढंच धरलं आणि दोष हाफकिनच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेवर टाकला.

पुरावा मात्र बाटलीच्या तोंडाशीच होता. लस भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस बंद बाटलीत वाढले असते तर बूच काढताच घाण वास सुटला असता. टोचणाऱ्या डॉक्टरनं नियमाप्रमाणे हुंगून पाहिलं होतं, वास नव्हता. उलट बूच काढायचा चिमटा त्याच सकाळी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला.

तरी संशय हाफकिनवरच का? माझ्या मते, कारण तो कुणाचाच नव्हता. ओडेसाचा ज्यू, शिक्षणानं प्राणिशास्त्रज्ञ, वैद्यकीय पदवी नाही, आणि भोवती सगळे ब्रिटिश लष्करी डॉक्टर. मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्याच वर्षी त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. तो पुन्हा भारतात आला, पण नेमणूक कलकत्त्याला झाली; स्वतः उभारलेली परळची प्रयोगशाळा काही त्याला परत मिळाली नाही.