भोंगऱ्या बाजारात मुलं-मुली गुलाल लावून जोडीदार निवडतात, पळून जातात, हे खरं आहे का? होळीला पुण्याहून आलो तर कुठे बघायला मिळेल?

नाही, खरं नाही. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला पावरा आदिवासी. चालता येत नव्हतं तेव्हापासून वडिलांच्या खांद्यावर बसून भोंगऱ्याला जातोय.

भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातला बाजार. ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथला भोंगऱ्या. होळीसाठी डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन घ्यायचे. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं परतलेली असतात, सासरी गेलेल्या बहिणी भेटतात, गावोगावचे ढोल उतरतात. लग्नाची रीत निराळी. मुलाकडचे मागणी घालायला चकरा मारतात, पंच बसतात, देज म्हणजे वधूमूल्य ठरतं, आणि ते मुलाकडच्यांनी द्यायचं असतं. आमच्या गावात तर होळीचा दांडा गाडला की होळी पेटेपर्यंत लग्नाचं बोलणंसुद्धा काढत नाहीत.

मला हे इतकं का लागतं ते सांगतो. 2009 साली मी नाशिकला शिकत होतो. खोलीतल्या एका मित्राला हौसेनं धडगावच्या भोंगऱ्याला घेऊन आलो. चार दिवस आमच्या घरी राहिला, आईच्या हातची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. माझी चुलतबहीण तेव्हा सतरा वर्षांची. तिनं आजीची सगळी चांदी घातली होती. साखळ्या इतक्या जड की मानेवर वळ उठले होते, म्हणून खाली फडकं दुमडून ठेवलं होतं. हार-कंगनच्या दुकानापुढे ती भावासाठी कंगन निवडत उभी होती. मित्रानं फोटो काढला. ती लाजून हसली, इतकंच.

पंधरा दिवसांनी तो फोटो एका पेपरच्या पुरवणीत आला. खाली ओळ होती: जोडीदाराच्या शोधात सजून आलेली आदिवासी तरुणी.

काकांना वाचता येत नव्हतं. बाजारात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं. जिथून तिला मागणी आली होती, त्यांचा निरोप आला की आधी पंचांपुढे खुलासा करा. मी नाशिकहून रात्रीच्या गाडीनं आलो, पंचांपुढे तो पेपर धरून एकेक शब्द पावरीत सांगितला. काका तेवढा वेळ जमिनीकडे बघत बसले होते. ते स्थळ गेलंच.

मित्राचं म्हणणं, ओळ पेपरवाल्यांनी लिहिली, आणि शेवटी तुमच्या संस्कृतीला प्रसिद्धीच मिळाली ना. आजही तो हेच म्हणतो. मी तेव्हा सांगितलं तेच इथे सांगतो: फोटो तू दिलास, नाव-गाव न विचारता दिलास. तुझी बहीण तुळशीबागेत बांगड्या घेताना कुणी टिपली आणि खाली अशी ओळ छापली, तर तू तिला प्रसिद्धी म्हणशील का? मुलगी सजून बाजारात आली म्हणजे ती नवरा शोधायला आली, हे तुमच्या डोक्यातलं आहे. आमच्या बाजारातलं नाही.

आता प्रामाणिकपणे हेही सांगतो. मुलं-मुली भोंगऱ्यात एकमेकांना बघतात, बोलतात, कधी एखादं जोडपं पळूनही जातं. ते कुठल्याही जत्रेत होतं. पळून गेलेल्यांचंही नंतर पंचांपुढे देज ठरवून मिटवतात. मध्य प्रदेशात, बडवानी-अलिराजपूरकडे, याला भगोरिया म्हणतात. तिथल्या प्रत्येक गावाबद्दल मी बोलणार नाही.

यायचं असेल तर शहाद्याहून म्हसावदमार्गे धडगावला एसटीनं या. आधी तिथला बाजारवार विचारून घ्या. पण खरं बघायचं असेल तर काठी गावची राजवाडी होळी बघा, अक्कलकुव्याहून मोलगीच्या रस्त्यानं. रात्रभर ढोल चालतात आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं नि सुके दुधी बांधलेले बावा-बुध्या दिसतील. त्यांची पालनी, म्हणजे होळीचं व्रत, चालू असते. ते दिवस ते खाटेवर बसत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात, स्वतःच्या हातानं रांधून खातात. फोटोसाठी त्यांच्या गळ्यात हात टाकू नका, बाईमाणसानं तर त्यांना शिवूच नये. आणि कुणाचाही फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा.